मधली कमान

"सायेब, उतरायचं का दोर गुंडाळू?"

दत्तोबा मुकादमानं हा प्रश्न मला सलग तिसऱ्या दिवशी विचारला, तेव्हा मी पुलाच्या कठड्यावर दोन्ही हात टेकवून खाली बघत उभा होतो. खाली म्हणजे साठ फूट. वैशाखातली नदी ती, काळ्या दगडांमधून पाण्याचा एक ओघळ तेवढा वाहत होता.

"आज वारा फार आहे," मी म्हणालो.

दत्तोबानं आजूबाजूच्या झाडांकडे पाहिलं. एक पान हलत नव्हतं. मग तो दोर गुंडाळायला लागला. सोमवारी ऊन चढलं होतं, मंगळवारी दोराला पीळ पडला होता, आणि आज बुधवारी वारा होता. दत्तोबाच्या जागी मी असतो तर एव्हाना हसलो असतो.

ही गोष्ट एक्क्याऐंशी सालची. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो, बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो, आणि साताऱ्याच्या पश्चिमेकडल्या एका घाटरस्त्याचा तुकडा माझ्या ताब्यात होता. त्या तुकड्यावर सगळ्यात जुना आणि सगळ्यात मोठा म्हणजे हा तीन कमानींचा दगडी पूल. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कुणीतरी दोर बांधून खाली उतरायचं, कमानींच्या सांध्यांत रुजलेले पिंपळ-उंबर मुळासकट काढायचे, मग ओव्हरसियरनं स्वतः उतरून खात्री करायची आणि तक्त्यात लिहायचं: "कमानी खालून तपासल्या. ठीक." हे वाक्य मी तीन वर्षं लिहीत आलो होतो. उतरलो मात्र एकदाही नव्हतो.

सबब होती. रस्त्याच्या ठरावीक तुकड्याची निगा राखणाऱ्या कामगाराला आमच्याकडे मैलकुली म्हणत. मी रुजू व्हायच्या महिनाभर आधी इथला मैलकुली केरबा झोरे मधल्या कमानीत पिंपळाचं मूळ तोडत होता. तिथं आग्या मोहोळ होतं. माश्या उठल्या आणि तो खाली पडून मेला. पहिल्या दिवशी माझ्या हातात जे कागद आले, त्यांत त्याच्या पंचनाम्याची नक्कल होती. ती मी दोनदा वाचली, कपाटात ठेवली आणि मनाशी म्हटलं, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी केरबाची जागा रिकामीच होती, उतरणारा माणूस नव्हता, तेव्हा तेही निभावून गेलं. तिसऱ्या वर्षी सबब शोधावीसुद्धा लागली नाही.

अगदीच हातावर हात ठेवून बसलो होतो असं नाही. मधल्या कमानीतून पिंपळाचा शेंडा कठड्याच्या वर डोकावायला लागला की मी रस्त्याच्या गँगकडून लांब आकडीनं तो छाटून घ्यायचो. वरून पूल कसा चकचकीत दिसायचा. पण त्यावरून दिवसातून सहा वेळा एसटी जायची, शाळेची पोरं आणि बाजाराची माणसं भरून, आणि ती पलीकडे पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा. पुलाजवळच्या माझ्या चौकीत जेवत असलो तरी गाडीचा आवाज आला की घास तोंडात तसाच राहायचा. आत काय झालंय ते मला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक करून घ्यायची माझी छाती होत नव्हती.

यंदा सुटका नव्हती. नवे कार्यकारी अभियंते आले होते आणि त्यांचं पत्र आलं होतं: शनिवारी स्वतः येतो, तिन्ही कमानींच्या सांध्यांची आतून घेतलेली मापं तयार ठेवावीत.

दत्तोबा दोर गुंडाळत असताना डोक्यावर जळणाचा भारा घेतलेली एक बाई पूल ओलांडून आली. पन्नाशी उलटलेली, अंगानं सुकी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. आमच्याजवळ थांबून तिनं भारा कठड्यावर टेकवला.

"या वैनी," दत्तोबा म्हणाला, आणि मग हळू आवाजात मला, "केरबाची घरवाली. हौसाबाई."

मी नजर चुकवली. तीन वर्षांत मी तिला रस्त्यावर पुष्कळदा पाहिलं असणार, पण विचारपूस एकदाही केली नव्हती. तेही पुढच्या खेपेवर ढकललं होतं.

"सायेब खाली उतरनार व्हय?" तिनं दत्तोबाला विचारलं.

"सोमवारपास्नं उतरत्यात," दत्तोबा म्हणाला.

ती हसली नाही. माझ्या जवळ येऊन तिनं नाक जरा पुढं केलं. "वासाचा साबण लावलाय न्हवं?"

"हो. का?"

"मंग आज नगंच. मोहोळ उठून गेलंय, म्या बगितलंय. पर चार माश्या मागं ऱ्हात्यात, त्यांला वास खपत न्हाय. उद्या निस्त्या पान्यानं आंग धुवा, डोक्याला त्याल नगं, अन् उजाडताच निगायचं."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. वाऱ्यापेक्षा भक्कम सबब आयती दारात चालून आली होती, आणि तीही केरबाच्या बायकोच्या तोंडून. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटतंय तोवर चौकीचं दार वाजलं. उघडलं तर हौसाबाई. खांद्याला गोणपाटाची पिशवी, तिच्यातून करवतीचा दांडा बाहेर आलेला.

"चला," ती म्हणाली.

"दत्तोबा यायचाय अजून."

"भावजी पुलावं हायती."

"चहा तरी घेऊ या. मापवहीसुद्धा शोधायला हवी."

"वही टेबलावं हाय," ती दारातूनच म्हणाली. "च्या आल्यावं घ्या."

पुलावर दत्तोबानं दोन दोर बांधून ठेवले होते. दोन कशाला, हे विचारायच्या आत हौसाबाईनं एक उचलला, कमरेभोवती घेतला, काखेखालून फिरवून पाठीशी गाठ मारली. गाठ मारताना ती दुसरीकडेच बघत होती. दत्तोबानं तिच्या दोराचं टोक लोखंडी कडीतून ओवून आपल्या हाताला गुंडाळलं, तेही कुणी न सांगता.

"मावशी, तुम्ही कुठं निघालात?"

"म्होरं कोन जानार मंग?" असं म्हणून ती कठड्यावर चढली आणि पलीकडे उतरलीसुद्धा.

बांधणाऱ्यांनी खांबाच्या बाजूला मधूनमधून दगड हातभर बाहेर काढलेले होते. त्यांवर पाऊल ठेवत वीसेक फूट खाली गेलं की दीड हात रुंदीचा एक कट्टा लागायचा, तो खांबाला वळसा घालून दोन्ही कमानींच्या पोटात जायचा. नकाशावर हे सगळं मी शंभर वेळा पाहिलं होतं. दत्तोबानं दुसरा दोर माझ्या कमरेला बांधला, पण प्रत्यक्ष कठड्याबाहेर पाय टाकला तेव्हा हातातला कठडा सोडवेना. दगड सापडेना, पाय हवेतच फिरत राहिला.

खालून तिचा आवाज आला. "सायेब, खाली बगू नगा. दगडाकडं बगा. दगुड चांगला हाय."

मी दगडाकडे पाहिलं. नाकासमोर काळा, थंड, टाकीच्या घावांनी भरलेला दगड होता. मग त्याच्या खालचा पाहिला, मग त्याच्या खालचा. कट्ट्याला पाय लागला तेव्हा माझा सदरा घामानं भिजला होता.

"या आत," हौसाबाई म्हणाली. मी तिच्या मागून पहिल्या कमानीत शिरलो, आणि उभाच राहिलो.

वटवाघळांचा उग्र वास होता, अंधारातला गारठा होता. पण ते नंतर जाणवलं. आधी दिसली ती कमान. माझ्या डोक्यावरून निघून पलीकडे काठाशी उतरलेली, एकसारख्या कापलेल्या शेकडो दगडांची. ज्या पुलाला मी तीन वर्षं नुसती डोकेदुखी समजत होतो, त्याच्या पोटात हे होतं. कुठला दगड कुणाला खिळलेला नव्हता, डकवलेलं काही दिसत नव्हतं. प्रत्येक दगड शेजारच्यावर रेलला होता आणि नव्वदेक वर्षं सगळे तसेच एकमेकांना धरून होते. इतक्यात वरून सकाळची पहिली एसटी गेली. मी डोळे मिटून घेतले. आता माती पडणार, आता खडा निसटणार. पण काहीही पडलं नाही. कमानीतून एक खोल घुमारा गेला, दगडावर टेकलेल्या माझ्या तळहातातून तो खांद्यापर्यंत आला आणि शांत झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कशाचं ते मला आजही नीट सांगता यायचं नाही.

मग मी सांधे बघू लागलो. तीन वर्षं मोकाट वाढलेली मुळं दिसतील म्हणून मी मन घट्ट करून आलो होतो. मुळं नव्हतीच. जिथं जिथं पिंपळ रुजला होता तिथं बुंधा दगडाबरोबर कापलेला, छिन्नीनं खळगा पाडलेला, आणि पुन्हा फुटू नये म्हणून त्यात चुना आणि हिंग ठासून भरलेला. काही बुंधे जुने, काळे पडलेले होते. काहींवरचा चुना अजून पांढरा होता.

छातीच्या उंचीवर, खांबाच्या दगडात, बोटभर लांबीच्या उभ्या खाचा होत्या, ओळीनं कोरलेल्या. मी मोजल्या. ब्याण्णव. एकोणनव्वद खोल आणि सरळ होत्या. शेवटच्या तीन उथळ, जराशा तिरक्या.

"ह्या कसल्या खुणा, मावशी?"

"जो उतरून काम करंल त्यानं वर्साला एक मारायची. ह्येंच्या आज्ज्यापास्नं हाय. तेबी हितंच मैलकुली."

"आणि ह्या शेवटच्या तीन?"

ती पिशवीतून चुन्याची डबी काढत होती. "त्या माज्या. छिन्नी माज्या हातात नीट बसत न्हाय आजून."

ज्या तीन वर्षांत मी टेबलाशी बसून "ठीक" लिहिलं, त्या तीन वर्षांत ही बाई नऊवारी खोचून इथं लोंबकळत होती. आणि वर दोर धरणारा दत्तोबा रोज सकाळी मला नमस्कार करत होता.

"मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"सांगितलं आसतं तर तुमी बंद केलं आसतं. बाईमानूस, नोकरीवं न्हाय, कागुद न्हाय. भावजीच म्हनले, सायबास्नी कशाला अडचनीत घालायचं." तिनं एका नव्या कोंबावर करवत लावली. "अन् तुमची सही तर झाल्याली आसायची. पर पिंपळ सही वाचत न्हाय, सायेब."

ती हे रागानं म्हणाली नाही, म्हणूनच ते मला जास्त लागलं. आम्ही पहिली कमान उरकली. मी मापं घेतली, ती कोंब काढत गेली. शेवटी तिनं छिन्नीनं त्र्याण्णवावी खाच मारली आणि आम्ही खांबाला वळसा घालायला निघालो. वळणाच्या दगडाशी ती थांबली.

"ह्येच्या पल्याड तुमी जावा," ती म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"म्या हितंच हाय."

आवाज बदलला होता. मी करवत आणि छिन्नी घेतली आणि एकटाच मधल्या कमानीत गेलो.

छताला मोहोळाचं रिकामं पोळं लोंबत होतं. इथल्या खाचा एकोणनव्वदवर संपल्या होत्या. आणि त्यांच्या वर, माझ्या हाताच्या टप्प्यात, ते मूळ होतं. मी वरून शेंडा छाटत गेलो होतो आणि त्यानं सगळा जोर खाली काढला होता. मांडीएवढं जाड झालेलं, दोन दगडांच्या मध्ये पाचरीसारखं घुसलेलं. एक दगड बोटभर पुढं सरकला होता. फटीत माझी चार बोटं सहज गेली. आणखी एक-दोन पावसाळे गेले असते तर तो दगड निसटला असता, आणि एक निसटला की बाकीच्यांनी रेलायचं कुणावर. वरून जाणाऱ्या गाडीतली पोरं माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मला कट्ट्यावर खाली बसावं लागलं.

उठून करवत लावली तेव्हा मुळाच्या आत काहीतरी लोखंडी लागलं. साल बाजूला केली. कोयत्याचं पातं होतं. घाव घातलेला कोयता तिथंच राहिला होता, आणि तीन वर्षांत मुळानं पातं पुरतं गिळून टाकलं होतं. मूठ तेवढी बाहेर होती, ती मी तोवर फांदीच समजलो होतो.

"मावशी," मी हाक मारली. "इथं एक कोयता आहे."

बऱ्याच वेळानं कट्ट्यावर पाऊल वाजलं. हौसाबाई दगडाला एक हात लावून वळसा घेऊन आली, माझ्या शेजारी उभी राहिली, आणि तिनं ती मूठ हातात धरली. ओढली नाही, नुसती धरली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्या कोपऱ्यावनं दिसतो. वर्साला यायची, कोपऱ्यापतूर यायची, बगायची अन् माघारी जायची." तिनं हात काढून घेतला. "कापा, सायेब."

दोन तास लागले. एका बाजूनं मी, एका बाजूनं ती. माझ्या तळहातांची सालटी निघाली, तिच्या हातांना काही झालं नाही. शेवटी कोयत्यासकट मुळाचा तो ठोकळा सुटला. आम्ही तो दोराला बांधून वर पाठवला. उरलेल्या बुंध्यात तिनं छिन्नीनं खळगा केला आणि हिंग आणि चुना आपल्या अंगठ्यानं दाबून दाबून भरला. मग छिन्नी माझ्या हातात दिली.

"खूण तुमी मारा. तुमी उतरलाय."

"तीन वर्षं राहिलेत इथं. चार मारू?"

"न्हाय," ती म्हणाली. "ज्या वर्साला कुनी उतरलं न्हाय त्येची खूण न्हाय. एकच."

मी एकच मारली. तिसरी कमान आम्ही पटकन उरकली, आणि वर आलो तेव्हा उन्हं पुलावर पसरली होती. तिघेही कठड्याच्या सावलीत बसलो. दत्तोबा माझ्याकडे बघत नव्हता, मीही त्याच्याकडे बघत नव्हतो. मुळाचा ठोकळा आमच्या पायांशी पडला होता.

मला राहवेना. "मावशी, तुम्हाला उतरायचं भय नाही. दोन कमानी तुम्ही आरशासारख्या ठेवल्यात. मग मधलीच का राहू दिलीत? वरून एसटी जाते."

"जाती की. माजी नातवंडं जात्यात तिच्यातनं साळंला." ती पदरानं हाताचा चुना पुसत राहिली. "वर्साला म्हनायची, यंदा उरकू. कोपऱ्यापतूर जायची. अन् वाटायचं, ह्येंचं काम अर्धं ऱ्हायलंय. काम ऱ्हायलंय तंवर मानूस येनार."

दत्तोबानं मान खाली घातली.

"खुळ्यावानी," ती म्हणाली. "पर वाटायचं."

मी आयुष्यात पुढे पुष्कळ मोठे पूल पाहिले, बांधलेसुद्धा. पुष्कळ मोठी म्हणवली जाणारी माणसं जवळून पाहिली. पण कुणाहीपुढं मी इतका लहान झालो नाही, आणि लहान होणं कधी इतकं बरंही वाटलं नाही. मी कामं टाळायचो ती जीव वाचवायला, आणि माझ्या टाळण्यानं दुसऱ्यांचे जीव टांगले होते. तिनंही टाळलं होतं, पण ते एकच काम, आणि ते संपवणं म्हणजे काय हे कळत असूनही आज पहाटे तीच मला उठवायला आली होती.

ती उठली. पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि दत्तोबाला म्हणाली, "भावजी, तेवढं उचलून द्या."

"बसा थोडं, मावशी," मी म्हणालो. "चहा सांगतो."

"न्हाय, सायेब. घरी खुंटीवं ह्येंचं घोंगडं हाय. तीन वर्सं कुनाला हात लावू दिला न्हाय. आत्ताच जाऊन उतरवती. दुपार झाली की पुन्यांदा उद्याचं हुईल."

दत्तोबानं ठोकळा तिच्या डोक्यावर दिला. कोयत्याची मूठ एका बाजूनं बाहेर आलेली होती. पुलाच्या मधोमध जाऊनही ती थांबली नाही, वळणापाशी दिसेनाशी झाली. शनिवारी साहेबांनी ती फट पाहिली आणि पावसाआधी ती भरून झाली. माझ्या सेवापुस्तकात ठपका बसला, तो निवृत्त होईपर्यंत तसाच राहिला, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

पण ते पुढचं. त्या सकाळी मी चौकीवर गेलो, सालटी निघालेल्या हातावर पाणीही न घेता खुर्चीत बसलो आणि कोरा कागद ओढला. पहिली दोन वाक्यं लिहायला फार वेळ लागला नाही.

"मागील तीन वर्षे सदर पुलाची खालून तपासणी मी केलेली नाही. ती श्रीमती हौसाबाई केरबा झोरे यांनी केली."